चित्र, देह आणि लय : विसाव्या शतकातील कला व नृत्यातील आधुनिकतावादाचा उदय

प्रस्तावना

आपल्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत आधुनिकतावादाचा परिचय बहुधा दोन वाटांनी होतो. मराठीच्या वर्गात तो मर्ढेकरांच्या नवकवितेपासून सुरू होतो, तर कलेच्या इतिहासात सेझान, मातीस, पिकासो या चित्रकारांपासून. नृत्याचा उल्लेख झालाच तर तो एखाद्या चित्रकाराने केलेल्या नेपथ्याच्या निमित्ताने, ओळ-दोन ओळींत होतो. त्यामुळे आधुनिकतावाद चित्रकलेत जन्मला आणि नृत्याने मागाहून त्याचे अनुकरण केले, असा समज नकळत रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखात हा समज तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

येथे आधुनिकता आणि आधुनिकतावाद या दोन संज्ञांत भेद केला आहे. यंत्रोद्योग, महानगरे, शास्त्रीय शोध यांतून घडलेली सामाजिक अवस्था म्हणजे आधुनिकता. या अवस्थेत जुनी कलाभाषा अपुरी पडते, या जाणिवेतून कलावंतांनी आपल्या माध्यमाचीच नव्याने केलेली चिकित्सा म्हणजे आधुनिकतावाद. ही चिकित्सा चित्रकार व नर्तक यांनी एकाच काळात, अनेकदा एकाच शहरात आणि परस्परांच्या सहवासात केली. मात्र चित्र टिकले आणि नृत्य विरले. इतिहास टिकलेल्या वस्तूंच्या आधारे लिहिला गेला आणि नृत्याचे स्थान दुय्यम ठरले, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. विवेचनाचे केंद्र १९०५ ते १९३१ या काळातील पॅरिस हे असून तेथून जर्मनी व भारत या दिशांना गेलेल्या धाग्यांचा मागोवा घेतला आहे.

समान वारसा, समान बंड

एकोणिसाव्या शतकातील अकादमिक चित्रकला आणि बॅले या वरवर भिन्न दिसणाऱ्या कलांची मूळ प्रतिज्ञा एकच होती : माध्यमाचे सत्य झाकणे. चित्रकार यथार्थदर्शनाच्या नियमांनी सपाट कॅनव्हासवर खोलीचा आभास निर्माण करी. बॅलेतील नर्तिका कडक केलेल्या बुटांत पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहून देहाला वजनच नसल्याचा आभास निर्माण करी. दोन्ही कला कथेच्या सेवेत होत्या आणि पुराण, इतिहास वा परीकथा हेच त्यांचे मानाचे विषय होते. दृश्य हुबेहूब टिपण्याचे काम छायाचित्राने १८३९ नंतर आपल्याकडे घेतले, तेव्हा चित्रकाराला आपल्या कामाचे स्वरूप पुन्हा ठरवावे लागले. नर्तकापुढचा प्रश्नही फारसा वेगळा नव्हता. कथा आणि आभास वजा केल्यावर नृत्यात काय उरते?

या प्रश्नाचे पहिले ठळक उत्तर पॅरिसमध्ये एका अमेरिकन स्त्रीने दिले. लोई फुलर हिने १८९२ मध्ये फोली बर्जेर या रंजनगृहात रेशमी वस्त्रांचे प्रचंड घोळ काठ्यांच्या साहाय्याने फिरवत, त्यांवर विजेच्या रंगीत प्रकाशाचे झोत टाकून नृत्य सादर केले. त्यात कथानक नव्हते आणि देहाचे प्रदर्शनही नव्हते. क्षणोक्षणी बदलणारे रंग आणि वळणे एवढाच त्याचा आशय होता. तुलूझ-लोत्रेकने १८९३ मध्ये तिच्यावर शिलामुद्रिते केली, त्यांत नर्तिका जवळजवळ नाहीशी होऊन रंगाचा ढग तेवढा उरतो. कांदिन्स्कीच्या अप्रतिरूप चित्रांना त्यानंतर जवळजवळ दोन दशकांचा अवकाश होता, हे कालक्रम पाहताना विसरता येत नाही.

दुसरे उत्तर इझाडोरा डंकनचे (१८७७–१९२७). तिने बूट आणि आवळ काचोळी दोन्ही टाकून दिले व अनवाणी पायांनी जमिनीचा आधार उघडपणे स्वीकारला. फुलरने देह झाकून रंगाला मोकळे केले, तर डंकनने देह मोकळा करून त्याच्या वजनाला प्रतिष्ठा दिली. तिचे गुरुस्थान मात्र संग्रहालयात होते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ग्रीक कुंभांवरील आकृतींचा तिने अभ्यास केला होता. नवे शोधण्यासाठी अतिप्राचीनाकडे जाणे हा आधुनिकतावादाचा एक विलक्षण स्वभाव आहे. पुढील विवेचनात तो वारंवार आढळेल.

पाच आकृती, दोन चित्रे

पॅरिसच्या शरद प्रदर्शनात १९०५ मध्ये मातीस व त्याच्या मित्रांच्या भडक रंगांना समीक्षक लुई व्होक्सेलने ‘रानटी पशू’ म्हटले आणि रंगभारवादाला त्याचे नाव मिळाले. पाच वर्षांनी, १९१० मध्ये, मातीसने मॉस्कोचे व्यापारी सेर्गेई श्चुकिन यांच्या वाड्यातील जिन्यासाठी ‘नृत्य’ हे सुमारे चार मीटर रुंदीचे चित्र पूर्ण केले. हिरवी भूमी, निळे आकाश आणि तांबड्या रंगातील पाच नग्न आकृती एवढाच त्याचा ऐवज आहे. या आकृतींना चेहरा जवळजवळ नाही आणि त्यांची कथा तर मुळीच नाही. त्यांनी हात धरून केलेले कडे मात्र एका ठिकाणी तुटलेले आहे आणि ते सांधण्यासाठी एक आकृती पुढे झेपावलेली आहे. चित्राचा सारा ताण त्या तुटलेल्या जागेत आहे. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये मांडलेल्या संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांचा येथे प्रत्यय येतो. आकृतींच्या वळणांत संवाद आहे, सुटलेल्या हातांत विरोध आहे आणि संपूर्ण वर्तुळात समतोल आहे. चित्रकाराने कथेचा त्याग केल्यावर त्याला जे तत्त्व सापडले, ते नृत्याचेच तत्त्व होते.

याच्या अगोदर, १९०७ मध्ये, पिकासोने ‘आव्हिन्योच्या स्त्रिया’ हे चित्र रंगविले होते. त्यातही आकृती पाच आहेत, पण त्यांची अंगे कोनांत मोडलेली आहेत आणि उजवीकडील दोन चेहरे मुखवट्यांसारखे आहेत. त्याच वर्षी पिकासोने पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयातील आफ्रिकी व अन्य मुखवटे पाहिले होते. हे चित्र १९१६ पर्यंत जाहीर प्रदर्शनात आले नाही. आज ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे आणि घनवादाची सुरुवात त्यापासून मोजली जाते. त्या मुखवट्यांसंबंधी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. संग्रहालयाच्या काचेमागे येण्यापूर्वी त्यांतले अनेक मुखवटे नाचत होते. विधीच्या वेळी ते कोणीतरी धारण करीत असे, त्यांना ताल आणि हालचाल होती. युरोपपर्यंत लाकूड पोहोचले, नृत्य तिथेच राहिले. करणाऱ्यांची नावे तर बहुधा नोंदलीही गेली नाहीत. वस्तू टिकते व क्रिया हरवते, या प्रक्रियेचे हे प्रारंभीचे उदाहरण होय.

शाँझेलिझे नाट्यगृह, २९ मे १९१३

सेर्गेई डियागिलेव्ह याच्या ‘बॅले रूस’ या रशियन नृत्यसंस्थेने १९०९ मध्ये पॅरिसमध्ये पहिला हंगाम केला. नेपथ्य व वेशभूषा हे कारागिरांचे दुय्यम काम न मानता बाक्स्ट, बेन्वा यांसारख्या चित्रकारांकडे ते सोपविणे हे या संस्थेचे वैशिष्ट्य होते. निजिन्स्कीने १९१२ मध्ये ‘फॉनची दुपार’ या रचनेत ग्रीक कुंभांवरील आकृतींप्रमाणे नर्तकांना कडेने, एका पट्टीत हालविले. रंगमंचाची खोली नाकारून त्याने तो चित्रासारखा सपाट केला. चित्रकार कॅनव्हासचा सपाटपणा उघड मान्य करू लागले होते, नेमक्या त्याच काळात ही घटना घडली.

पुढच्या वर्षी शाँझेलिझे नाट्यगृह नव्याने उघडले. त्याच्या दर्शनी भागावरील आंत्वान बूर्देलच्या उत्थित शिल्पांत इझाडोरा डंकन आणि निजिन्स्की नाचताना दिसतात. म्हणजे नव्या नृत्याला शिल्पकाराने इमारतीवर आधीच स्थान दिले होते. त्याच इमारतीत २९ मे १९१३ रोजी ‘वसंतविधी’चा पहिला प्रयोग झाला. संगीत स्ट्राव्हिन्स्कीचे, नृत्यरचना निजिन्स्कीची, संहितेत सहभाग आणि नेपथ्य-वेशभूषा निकोलाय रोरिक यांची. रोरिक चित्रकार तर होतेच, शिवाय प्राचीन रशियाचे पुरातत्त्वीय अभ्यासकही होते. वसंतागमनासाठी एका कुमारिकेने मरेपर्यंत नाचावे, अशी आदिम विधीची ही कल्पना होती.

प्रेक्षागृहात हशा, आरडाओरडा आणि भांडणे झाली. वाद्यवृंद नर्तकांना ऐकू येईना, तेव्हा निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून मात्रा ओरडून सांगत होता, अशी हकीकत आहे. या गोंधळाचे श्रेय सहसा संगीताला दिले जाते. पण प्रेक्षकांसमोर जे दिसत होते तेही तितकेच धक्कादायक होते. बॅलेत शतकानुशतके पाय बाहेर वळलेले असत. येथे ते आत वळले. झेप वरच्या दिशेने घेतली जाई. येथे नर्तक जमिनीवर आदळत होते. मान वाकलेली, खांदे पडलेले, समूह एका जड पिंडासारखा. पिकासोने चित्रात आकृतीचे जे केले, ते निजिन्स्कीने जिवंत देहात केले. चित्र न आवडल्यास प्रेक्षक पुढे निघून जाऊ शकतो. देहाची मोडतोड मात्र समोर, आपल्यासारख्याच हाडामांसात घडत असते, आणि ती पाहणे अधिक कठीण असते.

पुढे जे झाले ते इतिहासलेखनाच्या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. एप्रिल १९१४ मध्ये पॅरिसमध्येच हे संगीत नृत्याविना वाजविले गेले आणि त्याचा जयजयकार झाला. स्वरलिपी हाती असल्यामुळे ते आजही वाजते. रोरिकची चित्रे आणि पोशाख संग्रहालयांत राहिले. निजिन्स्कीची नृत्यरचना मात्र मोजक्या प्रयोगांनंतर थांबली. डियागिलेव्हने १९२० मध्ये ‘वसंतविधी’ पुन्हा रंगमंचावर आणला, तेव्हा मूळ हालचाली सलग आठवणारे कोणी उरले नव्हते आणि मासीनकडून नवी रचना करून घ्यावी लागली. मिलिसेंट हॉडसन व केनेथ आर्चर यांनी रेखाटने, टिपणे आणि आठवणी यांच्या आधारे मूळ रचनेची पुनर्बांधणी केली आणि जॉफ्री बॅलेने ती १९८७ मध्ये सादर केली. एकाच कलाकृतीचे तीन घटक होते. त्यांपैकी दोन अमर झाले आणि तिसरा चौऱ्याहत्तर वर्षे अदृश्य राहिला.

यंत्र, बाहुली आणि भूमिती

पहिल्या महायुद्धाच्या काळात आदिमाची जागा यंत्राने घेतली. ‘पराद’ हा नृत्यप्रयोग १८ मे १९१७ रोजी पॅरिसमध्ये झाला. कल्पना कॉक्तोची, संगीत सातीचे, नृत्यरचना मासीनची आणि दृश्यरचना पिकासोची. त्यातील व्यवस्थापकांच्या पात्रांना पिकासोने घनवादी पुठ्ठ्यांचे उंच सांगाडे चढविले होते, त्यामुळे आत नर्तक आहे की चालती इमारत आहे असा संभ्रम पडे. पुढे ‘अतिवास्तववाद’ या अर्थाने रूढ झालेला शब्द आपोलिनेरने या प्रयोगाच्या परिचयपत्रिकेत वापरला होता. एका कलासंप्रदायाच्या नावाचा उगम नृत्याच्या पत्रिकेत व्हावा, हा योगायोग बोलका आहे.

जर्मनीत ओस्कार श्लेमरने ही दिशा अधिक शिस्तीने पुढे नेली. बाउहाउसमध्ये अध्यापन करणाऱ्या या चित्रकाराचे ‘त्रिक बॅले’ १९२२ मध्ये श्टुटगार्ट येथे सादर झाले. तीन नर्तक, बारा नृत्ये, अठरा वेश आणि पिवळा, गुलाबी, काळा अशा रंगांचे तीन भाग. गोल, शंकू, वलये यांनी घडविलेले वेश इतके अवजड होते की हालचाल वेशच ठरवीत असे. मनुष्यदेह हा भूमितीचा एक प्रश्न आहे, ही बाउहाउसची भूमिका येथे चालती-बोलती झाली.

याच्या नेमके विरुद्ध टोक म्हणजे जर्मन अभिव्यक्तिवादी नृत्य. त्याचा प्रणेता रूडोल्फ लाबान आरंभी चित्रकलेचा विद्यार्थी होता. त्याची शिष्या मारी व्हिगमान हिला त्याच्याकडे जाण्यास चित्रकार एमिल नोल्डेने सुचविले होते. तिचे ‘चेटकीनृत्य’ १९१४ मध्ये प्रथम आकारास आले आणि १९२६ मध्ये त्याला नवे रूप मिळाले. त्यात मुखवटा धारण करून, जमिनीवर बसून, घोटे पकडून केलेल्या हालचाली आहेत. याच सुमारास किर्शनरने तिच्या नृत्याची रेखाटने व चित्रे केली. अमेरिकेत मार्था ग्रॅहमने १९३० मध्ये ‘विलाप’ ही एकल रचना केली. ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या नळीत, आसनावर बसूनच, ती दुःखाचा आकार शोधते. आतून दाबले गेलेले ते कापड शिल्पाहून फार दूर नाही. शिल्पकार इसामु नोगुची १९३५ पासून तिच्यासाठी नेपथ्य करू लागला.

या दोन कलांचे भाग्य किती जोडलेले होते हे नाझी राजवटीनेही दाखवून दिले. बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी, १९३६ मध्ये, लाबानच्या समूहनृत्यावर गोबेल्सने बंदी घातली. १९३७ मध्ये म्यूनिकला ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात नोल्डे व किर्शनर यांची चित्रे उपहासासाठी टांगली गेली. लाबान व व्हिगमान यांनी आरंभी त्याच राजवटीसाठी कामही केले होते, हेही नमूद केले पाहिजे. नोल्डे तर नाझी पक्षाचा समर्थक होता. आधुनिकतावादी असणे म्हणजे आपोआप स्वातंत्र्यवादी असणे नव्हे.

उदयशंकर : विषय ते कर्ता

या इतिहासात भारत आरंभी ‘विषय’ म्हणून येतो. रूथ सेंट डेनिसने १९०६ मध्ये न्यूयॉर्कला ‘राधा’ सादर केली, तेव्हा तिने भारत पाहिलाही नव्हता. उदयशंकर (१९००–१९७७) यांच्यामुळे हे नाते बदलले. त्यांचे शिक्षण नर्तकाचे नव्हे, चित्रकाराचे : १९१८ मध्ये मुंबईचे जे. जे. कलाशाळा आणि १९२० पासून लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ आर्ट. तेथे प्राचार्य विल्यम रोथेन्स्टाइन यांनी त्यांना भारतीय कलेकडे वळविले. अ‍ॅना पाव्हलोवाने १९२३ मध्ये त्यांच्या साहाय्याने भारतीय विषयांवरील नृत्ये बसविली आणि ‘राधा-कृष्ण’ नृत्यात ते स्वतः कृष्ण झाले. कोणत्याही भारतीय नृत्यपरंपरेचे रीतसर शिक्षण त्यांनी तोवर घेतले नव्हते. शिल्पे व चित्रे पाहून त्यांनी हालचाली घडविल्या. डंकन व निजिन्स्की यांनी ग्रीक कुंभांपासून जे केले, तीच ही पद्धत होती.

स्विस शिल्पकार अ‍ॅलिस बोनर यांच्या सहकार्याने त्यांनी स्वतःचा संच उभारला आणि १९३१ च्या मार्चमध्ये पॅरिसला पहिला प्रयोग केला. तो झाला त्याच शाँझेलिझे नाट्यगृहात. अठरा वर्षांपूर्वी जेथे कल्पित आदिम रशिया हास्यास्पद ठरला होता, तेथे आता कलात्मकरीत्या नव्याने रचलेला भारत ‘सनातन’ म्हणून गौरविला गेला. उदयशंकर आधुनिक होते, पण पाश्चात्त्य रसिकांना ते प्राचीन वाटले, आणि मायदेशी शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना ते परंपराबाह्य वाटले. दोन्हीकडे त्यांचे आधुनिकपण नजरेआड राहिले.

अल्मोड्याचे त्यांचे केंद्र १९३८ मध्ये स्थापन झाले आणि काही वर्षांतच आर्थिक अडचणींनी बंद पडले. पण तेथील प्रवाह मोलाचे होते. ड्रेस्डेनला व्हिगमानच्या संस्थेत शिकलेल्या झोहरा सेहगल तेथे शिकवीत. ‘श्रम आणि यंत्र’ या रचनेत कारखान्यातील मजुराचे जीवन नृत्याचा विषय झाले. अल्मोड्याशी संबंधित शांती बर्धन पुढे मुंबईत अंधेरी येथे ‘इप्टा’च्या मध्यवर्ती पथकात आले. त्यांनी १९५२ मध्ये ‘लिटल बॅले ट्रूप’ स्थापन केले आणि कळसूत्री बाहुल्यांच्या चालीत बसविलेले ‘रामायण’ सादर केले. देहाला बाहुलीची शिस्त लावून भाव प्रकट करण्याचा हा प्रयोग श्लेमरची आठवण करून देतो. मात्र येथे प्रभाव सिद्ध करण्याचा हेतू नाही. समान प्रश्नाला स्वतंत्र भूमीवर मिळालेले उत्तर म्हणून तो महत्त्वाचा आहे.

याच मुंबईत १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. त्यांची चित्रे आज संग्रहालयांत आहेत, लिलावांत त्यांना कोट्यवधी रुपये मिळतात आणि भारतीय आधुनिकतेचा आरंभ म्हणून ती शिकविली जातात. बर्धनांचे १९५४ मध्ये निधन झाले. सहकाऱ्यांनी त्यांची रचना देहादेहांतून जतन केली, हे खरे. परंतु आधुनिक कलेच्या आपल्या इतिहासात तिला क्वचितच जागा मिळते. स्वातंत्र्योत्तर काळात राजाश्रय आणि प्रतिष्ठा मुख्यतः शास्त्रीय ठरलेल्या नृत्यप्रकारांकडे गेली. चित्रकाराकडून राष्ट्राने नवतेची अपेक्षा केली आणि नर्तकाकडून परंपरेची, असे म्हटल्यास ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

साधनांचा प्रश्न

नृत्याचे दुय्यमत्व गुणवत्तेमुळे आले नसून साधनांच्या स्वरूपामुळे आले, असे वरील विवेचनावरून दिसते. चित्र विकता येते, टांगता येते, त्याचे छायाचित्र पुस्तकात छापता येते. नृत्य करणाऱ्याच्या देहाबरोबर थांबते. याची जाणीव नर्तकांनाही होती. निजिन्स्कीने १९१५ मध्ये ‘फॉनची दुपार’ स्वतःच्या लिपीत लिहून ठेवली होती, पण ती उलगडण्यास १९८० च्या दशकाची अखेर उजाडावी लागली. लाबानने १९२८ मध्ये आपली नृत्यलिपी प्रसिद्ध केली. उदयशंकरांनी चित्रपटाचा आश्रय घेतला. १९४८ चा त्यांचा ‘कल्पना’ प्रदर्शनाच्या वेळी फारसा चालला नाही, पण २०१२ मध्ये त्याची पुनरुज्जीवित प्रत कान महोत्सवात दाखविली गेली. तो चित्रपट नसता, तर त्यांच्या समूहरचनांविषयी आज आपल्याला छायाचित्रे आणि आठवणी यांवरच भिस्त ठेवावी लागली असती.

समारोप

चित्रकला आणि नृत्य यांतील आधुनिकतावाद ही मूळ आणि प्रतिध्वनी अशी जोडी नाही. दोन्ही कलांनी आभास आणि कथा दूर सारून आपल्या माध्यमाचे सत्य, म्हणजे सपाटपणा, रंग, वजन व लय, उघड केले. दोहोंनी नवतेसाठी प्राचीनाकडे आणि परक्याकडे हात पसरले, आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांची नावे नोंदण्यात दोन्ही सारख्याच उणे पडल्या. ‘वसंतविधी’चे दृश्य उभे करणारे रोरिक यांनी आयुष्याची अखेरची सुमारे दोन दशके हिमाचलातील नग्गर येथे काढली आणि १९४७ मध्ये तेथेच देह ठेवला. त्यांची हिमालयाची चित्रे पाहण्यास पर्यटक आजही तेथे जातात. त्यांच्या रंगवलेल्या पडद्यांपुढे जे नर्तक जमिनीवर पाय आपटत होते, त्यांची आठवण तेथे कोणाला होत असेल, असे वाटत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक साधी सूचना निघते. मातीसचे ‘नृत्य’ शिकविताना निजिन्स्कीची रचना, आणि प्रोग्रेसिव्ह ग्रुप शिकविताना बर्धनांचे ‘रामायण’ वर्गात आणता येईल; चलच्चित्रणामुळे ते आता अवघड राहिलेले नाही. महाराष्ट्रात अशा नृत्यपथकांत काम केलेल्या कलावंतांच्या आठवणी, प्रयोगपत्रिका आणि टिपणे गोळा करण्याचे काम महाविद्यालयांतील इतिहास, मराठी व ललितकला विभागांनी एकत्रितपणे हाती घेतले, तर ते स्थानिक पातळीवरही शक्य आहे. मात्र ते लवकर व्हावयास हवे. कागद वाट पाहू शकतो. देहातील स्मृतीला मात्र आयुष्याचीच मर्यादा आहे.